खिळ्याच्या वहीतलं नाव

(दृश्य : फ्लॉरेन्सचं सरकारी अभिलेखागार. चर्मपत्रांचा एक जाड ग्रंथ. लाकडी पुठ्ठ्यात ठोकलेला मोठा लोखंडी खिळा.)

हिला खिळ्याची वही म्हणतात. शहरातून हाकलून दिलेल्या माणसांच्या शिक्षा हिच्यात उतरवून ठेवल्या आहेत. त्यातली एक आहे १० मार्च १३०२ ची. पंधरा माणसांची नावं, आणि पुढे हुकूम : यांच्यापैकी कुणी फ्लॉरेन्सच्या हाती लागलाच, तर जीव जाईपर्यंत त्याला आगीत जाळावं. त्या पंधरांत एक नाव आहे कवी दान्ते आलिगिएरी.

त्याच्या सहा आठवडे आधी, २७ जानेवारीला, त्याला पहिली शिक्षा झाली होती. ५,००० फ्लोरिन (तिथली नाणी) दंड, दोन वर्षं हद्दपारी, आणि पुन्हा कधी सरकारी पद नाही. आरोप असा, की पदावर असताना त्याने पैसे खाल्ले. तो हजर झाला नाही, दंडही भरला नाही. मग जाळण्याचा हुकूम निघाला.

आरोपात तथ्य नव्हतं, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. शहरात सत्तापालट झाला होता आणि हरलेल्यांवर खटले भरले जात होते. पण शिक्का तो शिक्काच. लाचखोर म्हणून ज्याचं नाव सरकारी वहीत चढलं, त्याच माणसाने पुढे लाचखोरांचा नरक लिहिला. नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग यांतून स्वतः दान्ते करतो त्या यात्रेचं दीर्घकाव्य म्हणजे त्याची ‘कोम्मेदिया’. तिच्यात आपण आज याच दाराने शिरणार आहोत.

(दृश्य : फ्लॉरेन्सच्या जुन्या गल्ल्या, दगडी बुरूज.)

१३०० साल. फ्लॉरेन्सचा कारभार सहा ‘प्रिओर’ पाहत, आणि दर दोन महिन्यांनी ते बदलत. पदावर यायचं तर व्यावसायिकांच्या एखाद्या संघात नाव हवं. दान्तेने वैद्य आणि औषध विकणाऱ्यांच्या संघात नाव घातलं होतं. १५ जूनला तो प्रिओर झाला. शहर तेव्हा दोन टोळ्यांत फाटलेलं होतं : गोरे आणि काळे. दोघेही मूळचे पोपच्या बाजूच्या ग्वेल्फ पक्षातलेच. दान्तेचा ओढा गोऱ्यांकडे.

भर उन्हाळ्यात या सहा जणांनी ठरवलं, की दोन्ही टोळ्यांचे म्होरके शहराबाहेर घालवायचे. गोऱ्यांच्या यादीत एक नाव होतं ग्विदो काव्हालकान्ती. कवी. दान्ते ज्याला आपला पहिला मित्र म्हणायचा, तो. ग्विदोला सार्झाना गावी धाडलं. तिथे तो आजारी पडला, त्याला परत बोलावलं, आणि ऑगस्ट सरता सरता तो गेला.

पद म्हणजे काय, हे दान्तेला असं कळलं.

वर्षभरात फासे उलटले. नोव्हेंबर १३०१ मध्ये पोप आठवा बोनिफास याच्या पाठबळावर फ्रान्सचा राजपुत्र शार्ल फौज घेऊन फ्लॉरेन्समध्ये शिरला आणि त्याच्या आडोशाने काळ्यांनी शहर ताब्यात घेतलं. दान्ते तेव्हा शहराचा दूत म्हणून पोपकडेच गेलेला. आपलं घर त्याने पुन्हा कधी पाहिलं नाही.

(दृश्य : उघड्या थडग्यांतून उठणाऱ्या ज्वाळा, जुन्या हस्तलिखितातलं चित्र.)

नरकाच्या दहाव्या सर्गात दान्ते आणि त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, जळत्या थडग्यांमधून चाललेत. एका थडग्यातून कमरेपर्यंत ताठ उभा राहतो फारिनाता. शत्रुपक्षाचा सेनानी. दान्तेच्या पूर्वजांना याच्या पक्षाने दोनदा देशोधडीला लावलेलं. त्याचा पहिला प्रश्न : तुझे पूर्वज कोण? नरकातही माणूस पक्षच विचारतो आहे.

पण दान्ते त्याच्याशी अदबीने बोलतो. कारण १२६० मध्ये माँतापेर्तीची लढाई जिंकल्यावर फारिनाताचेच साथीदार फ्लॉरेन्स जमीनदोस्त करायला निघाले होते, आणि भर सभेत त्याला एकट्या फारिनाताने विरोध केला. दान्तेने त्याला जाळात ठेवलं, पण त्याचं ते श्रेय त्याच्यापासून काढून घेतलं नाही. ‘आपला’ आणि ‘परका’ या दोन खणांत माणसं टाकणाऱ्या शहरात हे लिहायला छाती लागते.

त्याच थडग्यातून दुसरं डोकं वर येतं. गुडघ्यांवर बसलेला एक म्हातारा भोवती कुणाला तरी शोधतो आहे. तो ग्विदोचा बाप. विचारतो, माझा मुलगा कुठे आहे? तो तुझ्याबरोबर का नाही? उत्तर देताना दान्ते मुलाबद्दल भूतकाळी क्रियापद वापरतो. म्हातारा दचकतो : म्हणजे तो जिवंत नाही? दान्तेला उत्तर द्यायला क्षणभर उशीर होतो. म्हातारा मागे कोसळतो, तो पुन्हा वर येत नाही.

काव्यातली ही यात्रा १३०० च्या वसंतातली. ग्विदो तेव्हा जिवंत होता. पण लिहिणाऱ्याला पुढचं सगळं माहीत होतं. कुणाच्या सहीने काय झालं, तेही.

(दृश्य : व्हेनिसची जुनी गोदी. उकळतं डांबर.)

आता आणखी खाली. हा नरक एकाखाली एक वर्तुळांचा; जितकं खाली, तितकं पाप मोठं. आठवं वर्तुळ, त्यातली पाचवी खाई. खुनी आणि जुलमी मागेच राहिले, सातव्या वर्तुळात, उकळत्या रक्ताच्या नदीत. लाचखोर त्यांच्याहून खाली. दान्तेचा हिशेब असा, की हिंसा जनावरंही करतात, कपट मात्र फक्त माणूस करतो. हा हिशेब मला पटतो. तलवार एकाला मारते. पैसे घेऊन फिरवलेला निकाल त्याच्यानंतर दाराशी येणाऱ्या प्रत्येकाचा विश्वास मारतो.

खाईत डांबर रटरटतंय. हिवाळ्यात व्हेनिसच्या गोदीत गलबतांच्या फटी बुजवायला उकळत, तसं. एक सैतान धावत येतो. खांद्यावर एक माणूस, घोटे घट्ट धरलेले. माणूस लुक्का गावचा, तिथल्या कारभाऱ्यांपैकी. सैतान सांगतो, या गावात पैशापायी ‘नाही’चं ‘हो’ होतं. आणि त्याला डांबरात भिरकावून पुढचा आणायला पळतो. काठावरचे बाकीचे आकड्या घेऊन टपलेले. कुणी डोकं वर काढलं की ते त्याला टोचून खाली दाबतात, आचाऱ्याची पोरं कढईतलं मांस दाबतात तसं. जे काम या लाचखोरांनी जन्मभर झाकून केलं, ते आता डांबराखाली झाकूनच.

इथे व्हर्जिल दान्तेला म्हणतो : तू खडकाआड लप, यांना दिसू नकोस. एवढा नरक तुडवला, पण इथेच लपायला का सांगितलं? काव्य त्याचं कारण देत नाही. माझ्या मते ते खिळ्याच्या वहीत आहे. या खाईत नाव निघालेला माणूस स्वतः कवी आहे. सैतान पुढे त्याच्या मागे लागतातही. व्हर्जिल त्याला छातीशी धरून उतारावरून खाली घसरत नेतो, घराला आग लागल्यावर आई अंगावर कपडा चढवायलाही न थांबता लेकरू उचलून पळते तसा.

स्वतःच्या निर्दोषपणाबद्दल दान्ते इथे एक शब्द बोलत नाही.

पोपही सुटलेले नाहीत. तिसरा निकोलस खड्ड्यात उलटा रोवलेला, तळपायांवर ज्वाळा, आणि पुढचा पाहुणा म्हणून तो बोनिफासची वाट बघतोय. पण दान्तेचं म्हणणं चार शिव्यांवर संपत नाही. पुढे शुद्धिलोकात, दाट धुरात, मार्को नावाचा एक लोम्बार्द, म्हणजे उत्तर इटलीतला माणूस, त्याला भेटतो. जग का बिघडलं, असं विचारल्यावर तो म्हणतो, ग्रहताऱ्यांना बोल लावू नका. माणसाला बरंवाईट कळतं आणि निवडताही येतं. कायदे आहेत, पण ते राबवायला हात कोण लावतो? धर्माची काठी आणि राजाची तलवार एकाच मुठीत गेली, की दोघांनाही एकमेकांचा धाक राहत नाही.

(दृश्य : व्हेरोना, मग राव्हेन्ना. दगडी जिने.)

हद्दपारीची वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या आश्रयाने काढली. स्वर्गलोकात त्याचा खापरपणजोबा त्याला हेच भाकीत सांगतो : दुसऱ्याची भाकरी किती खारट लागते आणि दुसऱ्याचे जिने चढणं-उतरणं किती जड जातं, ते तुला कळेल. तोस्कानाची, म्हणजे फ्लॉरेन्सच्या मुलखातली, भाकरी आजही अळणी असते. १३१५ मध्ये फ्लॉरेन्सने माफी देऊ केली. अट होती दंडाची आणि गुन्हेगारासारखं सर्वांसमोर उभं राहण्याची. त्याने ती नाकारली. सप्टेंबर १३२१ मध्ये तो राव्हेन्नात वारला.

त्याच्या हातचं एक अक्षरही आज उरलेलं नाही. आहेत त्या नकलाकारांच्या प्रती. (त्यांतलीच एक जुनी प्रत मुंबईत, एशियाटिक सोसायटीत आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दिलेली.)

१३७३ मध्ये फ्लॉरेन्सच्या नागरिकांनी सरकारकडे अर्ज केला : आम्हाला दान्ते कुणीतरी समजावून सांगावा. सरकारने १०० फ्लोरिनवर बोकाचो या लेखकाला नेमलं. ऑक्टोबरात एका छोट्या चर्चमध्ये, दान्तेच्या जन्मघराच्या परिसरातच, त्याने लोकांसमोर ओळीमागून ओळ उलगडायला सुरुवात केली. काही महिन्यांत त्याची प्रकृती ढासळली. सतराव्या सर्गाच्या सुरुवातीलाच ते विवेचन तुटतं.

लाचखोरांची खाई येते एकविसाव्या सर्गात.