इथे पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल! मग ईपी स्टडी करायची कधी?

नमस्कार मंडळी.

"डॉक्टरांनू, छातीत धडधडता, आणि हंयसर पोचेपर्यंत थांबता." वेंगुर्ल्याकडची माणसं हे सांगतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात. वाडीतून रिक्षा तालुक्याला येईस्तोवर धडधड गेलेली असते, ईसीजी स्वच्छ येतो. मग मुंबईचा भाचा फोनवर फर्मावतो, "ईपी स्टडी करून टाका."

जरा दम धरा.

ईपी स्टडी म्हणजे हृदयातल्या विजेची आतून तपासणी. तीत जांघेतल्या शिरेतून बारीक वायरी हृदयात नेतात, आतली वीज जागेवर मोजतात आणि छोटे इशारे देऊन तीच धडधड मुद्दाम सुरू करून बघतात. आपल्या गावात मोठा रस्ता असतो आणि घरांमागून चढणारी पाखाडी असते ना? काहींच्या हृदयात जन्मतःच अशी एक पाखाडी जास्तीची असते. ठोका रस्त्याने खाली उतरतो, पाखाडीने परत वर चढतो, आणि गोल गोल फिरत राहतो. मिनिटाला १८०! बटण दाबल्यासारखी सुरू, बटण दाबल्यासारखी बंद. अशी धडधड ईसीजीत सापडली, वारंवार येत असली, तर ईपी स्टडी जरूर करा, कारण पाखाडी सापडली की त्याच बैठकीत ती जाळून बंद करता येते. नेहमीच्या प्रकारात १०० पैकी ९५हून जास्त वेळा काम फत्ते होतं. क्वचित मुख्य वाटेलाच धक्का लागून पेसमेकर बसवावा लागतो, हेही आधी विचारून घ्या.

दुसरा प्रकार जास्त नाजूक. काहीच त्रास नाही, पण ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यूची, म्हणजे त्याच जास्तीच्या पाखाडीची, खूण दिसते. माणूस ट्रॉलरवरचा तांडेल असेल, तर मी वाट बघत बसणार नाही. भर समुद्रात घेरी आली तर? पाखाडीतून दोन ठोके २५० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी अंतराने जाऊ शकत असतील, तर ती धोक्याची. हे आतूनच नेमकं कळतं.

तिसरे, अचानक कोसळणारे. जुन्या हार्ट अटॅकचा व्रण आहे, किंवा ईसीजीत बंडल ब्रांच ब्लॉक (विजेच्या मुख्य वाटेच्या एका फाट्यावर अडथळा) आहे, आणि पडण्याचं कारण सापडत नाही. अशांत आतली तपासणी मोलाची.

आणि कुठे नको? पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे वरची वीज खाली पोचतच नाही असं, दिसलाच असेल तर सरळ पेसमेकर. हिमोग्लोबिन ७ असेल किंवा थायरॉईड वाढलं असेल, तर हृदय बिचारं धावणारच. तिथे रक्त तपासा, वायरी नकोत.

तेव्हा कोल्हापूर किंवा गोव्याची गाडी ठरवण्याआधी एक करा. धडधड चालू असतानाच जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढा. चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर स्कूटर चालवत जाऊ नका, १०८ला फोन करा. आणि त्या पट्टीचा मोबाईलवर लगेच फोटो काढा. लॅमिनेट करू नका हो, उष्णतेने तो कागद काळा पडतो!