गाला नाइट, व्हाया गोखले रोड

(दृश्य: गोखले रोड, सकाळ. शटर वर जातं.)

ठाण्याचा गोखले रोड. आत्ता जेवढा मोकळा दिसतोय, तेवढा पुन्हा रात्रीपर्यंत दिसायचा नाही. साड्यांची मोठी दालनं मागे टाकून आत वळलं, की जुन्या इमारतीच्या तळमजल्याला हा शिंप्याचा गाळा. पाटीचा रंग कधीच उडालाय. आत मास्टर, दोन कारागीर आणि कपट्यांनी फुगलेलं एक पोतं.

या टेबलावर सध्या एक बंदगळा, म्हणजे बंद कॉलरचा कोट, बेतला जातोय. तो घातला जाणार आहे अटलांटिक महासागरात.

(दृश्य: माप घेताना. टेप, आरसा, काका.)

कोट ज्यांचा, ते हे काका नौपाड्यातले, बँकेतून निवृत्त. मुलगा लंडनजवळ, मुलगी न्यू जर्सीत. एका लेकराकडून दुसऱ्याकडे या वेळी विमानाने नाही, साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला बोटीने जायचं, हा हट्ट काकूंचा. बोट क्वीन मेरी २. सात रात्री, मधे एकही बंदर नाही. त्यातल्या साधारण दोन रात्री ‘गाला ईव्हनिंग’च्या. त्या दिवशी संध्याकाळी सहानंतर पुरुषांनी डिनर जॅकेट (म्हणजेच टक्सिडो) किंवा गडद सूट, बायकांनी ईव्हनिंग गाऊन, नाहीतर दोघांनीही आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख. नटायचा कंटाळा असेल त्याला बुफेत जेवता येतं, पण मुख्य डायनिंग हॉल आणि बॉलरूम मग त्याच्यासाठी नाही.

काकूंनी हे वाचलं आणि म्हणाल्या, “अहो, रांगेत ताट धरून जेवायला बोटीवर कशाला जायचं? ते तर प्रत्येक लग्नात करतोच की!”

मुलाने सुचवलं होतं, टक्सिडो भाड्याने घ्या. तसा मिळतोही. पण भाड्याचा कोट अंगावर बसत नाही, नुसता अडकवलेला असतो, हे आमचं मत. काकांचंही तेच निघालं, म्हणून हा मापाचा बंदगळा. शिवाय ज्या टक्सिडोचा एवढा दबदबा, त्याची सुरुवात लंडनच्या सॅव्हिल रोवर हेन्री पूल या शिंप्यांकडे, १८६५ साली युवराजासाठी शिवलेल्या एका आखूड कोटातून झाली असं मानतात. म्हणजे तिथेही माप देऊनच!

मास्टर टेप गळ्यात टाकतात आणि आधी नुसतं बघतात. काका उभे कसे राहतात, मान किती पुढे जाते, पोट कुठे सुरू होतं. मग वहीत पहिली नोंद येते ती छातीची नाही. उजवा खांदा डाऊन. ठाण्याहून सीएसएमटी फास्ट लोकल, खांद्याला बॅग, सगळी नोकरी अशीच गेली. हा उतार आरशात काकांना कधी दिसला नव्हता. मास्टर त्या खांद्यात पॅडिंगचा एक थर जास्त घालणार आहेत. “बोटीवर सगळे सरळ दिसतील साहेब, तुम्हीच का तिरके?”

(दृश्य: कापडाचे ठाण. खिडकीच्या उजेडात, मग बल्बखाली.)

कापड टेरी-वूल, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकरीचं मिश्रण. रंग काळा नाही, मिडनाइट ब्लू. दिव्यांच्या प्रकाशात काळा कधी कधी मळकट, हिरवट दिसतो. हा निळा उलट जास्त गडद होतो. बल्बखाली बघा.

(दृश्य: बादलीत भिजवलेला कॅनव्हास. वाळत घातलेला. मग सुई.)

आता जे दिसतंय ते हल्ली फार दुकानांत दिसत नाही. कोटाची छाती उभी राहते ती आतल्या कॅनव्हासवर. तो आधी पाण्यात भिजवून वाळवायचा, म्हणजे जे काय आटायचं ते कोट शिवण्याआधीच आटून जातं. नंतर हाताने, छोट्या तिरक्या टाक्यांनी कापडाला धरायचा. घाईचं काम असेल तिथे फ्युजिंग, म्हणजे गरम प्रेसखाली चिकटवून मोकळे. ते वाईटच असतं असं नाही. पण चार वेळा ड्रायक्लीन झालं की त्याला फुगे येऊ शकतात.

गळपट्टी तीनदा उसवली. बंदगळ्याला टाय नाही, बो नाही, झाकायला काहीच नाही. सगळी शान या पट्टीत. हुक लावल्यावर आत एक बोट जायला हवं, दोन गेली तर ढगळ, एकही नाही गेलं तर सूप गिळायची पंचाईत.

(दृश्य: काज, अगदी जवळून. संवाद नाही. मग निवेदन.)

आणि हे काज. कापडाला चीर, चिरेच्या कडेने जाड दोरा, त्यावर रेशमाचे टाके, प्रत्येक टाक्याला गाठ. गाठी एका रेषेत बसल्या पाहिजेत. मशीनवर हेच काज बघता बघता होतं. इथे एकेका काजाला पंधरा मिनिटं सहज जातात. हा शॉट संपादनात आम्हाला छोटा करायला सांगितला होता. केला नाही.

(दृश्य: पैठणी, पलंगावर उलगडलेली.)

काकूंचं मात्र ठरलेलंच होतं. लग्नातली पैठणी, पदरावर मोर. ब्लाउज तेवढा होईना. पण शिवणाऱ्या बाईने आत भरपूर माया ठेवली होती. दोन्ही बाजू उसवल्या, काम झालं. अत्तर लावायचं ते साडी नेसण्याआधी, जरीवर उडवायचं नाही.

(दृश्य: बॅग भरताना.)

कोटाची घडी बघण्यासारखी आहे. एक खांदा उलटा करून दुसरा खांदा त्यात बसवायचा, अस्तर बाहेर. हे महत्त्वाचं, कारण आगीच्या भीतीने बोटीवर केबिनमध्ये इस्त्री चालत नाही. इस्त्र्या असतात त्या धुलाईच्या खोलीत, आणि गाला ईव्हनिंगच्या दुपारी तिथे कोण कोण उभं असेल, सांगता येत नाही. पैठणी मलमलच्या कापडात.

(दृश्य: मोबाइलवरचा फोटो.)

बोटीवर आमचा कॅमेरा गेला नाही. हा फोटो काकांनी पाठवला. खांदे बघा.

(दृश्य: गाळा. मास्टर.)

इमारत पुनर्विकासाला जातेय, गाळा लवकरच रिकामा होईल. मास्टरांचा मुलगा या धंद्यात नाही. नवा पत्ता अजून ठरलेला नाही, पण मापांची वही मास्टरांकडेच राहणार आहे. तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी आधी फोन करावा आणि कापड घेऊनच यावं, एवढं या निवेदनात घाला, असं त्यांनी आम्हाला बजावून सांगितलंय.