आधी पाय, मग डोळे

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘टाइलच्या कडा कशा जुळवाव्यात’. तिथे मी येणारच आहे. पण त्याआधी बरीच वर्षं मनात घोळणारं एक सांगू द्या. प्लॅटफॉर्म गेमसाठी, म्हणजे पळत-उड्या मारत पुढे जायच्या खेळासाठी, टाइल (ज्या चौकोनी चित्रतुकड्यांनी जमीन-भिंती मांडतात ते) काढायला बसलो की आपण सगळे पहिल्यांदा गवत काढतो. पात्यावरचा उजेड, दवाचा थेंब, सगळं. माझं म्हणणं, गवत शेवटी. आधी ती जमीन पायाला कशी लागणार ते ठरवा.

तुमच्यातल्या अनेकांनी १९९८ चा जॅझ जॅकरॅबिट २ खेळलाय, हिरवा ससा आठवत असेल. त्याचा लेव्हल बनवायचा एडिटर, जॅझ क्रिएशन स्टेशन ऊर्फ जेसीएस, गेमसोबतच यायचा. आपली टाइल त्यात घालायची तर दोन बीएमपी चित्रफायली लागतात. एक चित्राची, एक मास्कची. दोन्ही ३२० पिक्सेल रुंद, म्हणजे ३२ बाय ३२ च्या दहा टाइल एका ओळीत. चित्र डोळ्यांना दिसतं. मास्क कधीच दिसत नाही, पण ससा उभा राहतो तो मास्कवर. मास्कमध्ये शून्य क्रमांकाचा रंग म्हणजे पोकळी, दुसरा कुठलाही रंग म्हणजे दगड. फिकट असो, गडद असो, दगड तो दगड.

आता किल्ल्याची गोष्ट. दिवाळीत अंगणात पोरं मातीचा किल्ला करत होती आणि मी आत बसून त्याच ओढीनं टाइलचा किल्ला करत होतो. काळा कातळ, बुरूज, जंग्या, आणि महादरवाजाच्या दारात छोटा दिंडी दरवाजा. दगडांचे सांधे मी एकेक पिक्सेल बघून काढले. लेव्हल चालवली. ससा पायऱ्या चढला, दिंडीपाशी आला आणि थांबला. समोर उघडी वाट, आणि तो जागच्या जागी धावतोय. उडी मारली तर उंबऱ्यावर वीतभर हवेत उभा! बाहेरून भाचा आला, त्याच्या हाताला अजून चिखल होता, म्हणाला, “मामा, दार बंद आहे का?”

तीन संध्याकाळी गेल्या. चित्र तपासलं, लेव्हल तपासली, मास्कमध्ये दाराची जागा तर काळीभोर दिसत होती, आणि माझ्या मास्कमध्ये काळा म्हणजेच शून्य क्रमांकाचा रंग. शेवटी मास्कवर पांढऱ्या रंगाची बादली ओतली, टॉलरन्स शून्यावर ठेवून, म्हणजे तंतोतंत तोच रंग असेल तिथेच ती पसरेल. दाराची पोकळी पांढरी झाली, आणि तिच्या कडेला काळे ठिपके तसेच राहिले. झालं काय होतं, मास्क मी चित्राची नक्कल करून बनवला होता आणि दाराची जागा मऊ कडेच्या ब्रशनं पुसली होती. मऊ ब्रश कडेला जवळजवळ काळे रंग सोडतो. डोळ्याला काळा, गेमला दगड. तेव्हापासून मास्क मी कोऱ्या फाईलवर, पेन्सिल टूलनं, चित्राच्या आधी काढतो. पांढऱ्या ठोकळ्यांवर ससा तासभर पळवतो. चढ कुठे अडतो, उडी कुठे अपुरी पडते, ते तिथेच कळतं. मग कातळ, मग गवत. आणि गवताची पाती मास्कमध्ये अजिबात घ्यायची नाहीत, सपाट जमिनीवर पाय ठेचकाळतात.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. कडा, पटकन.

एका टाइलला शेजारी आठ, आणि तिची कड कशी काढायची ते त्यांच्यावर ठरतं. प्रत्येक जागा भरलेली किंवा रिकामी, म्हणजे २५६ शक्यता. पण कोपऱ्यातला शेजारी तेव्हाच मोजायचा जेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी भरलेले असतील. एवढ्यानं २५६ चे ४७ होतात. फक्त चार कोपऱ्यांचा हिशेब धरलात तर १६. पहिल्या संचाला १६ घ्या, पुरतात.

जेसीएसमध्ये टाइल आडवी उलटवता येते, त्यामुळे उजवी कड डावीकडे वापरता येते. पण उजेड डावीकडून रंगवलात तर उलटवल्यावर सूर्य दोन होतील. उजेड वरून ठेवा. कुठलीही टाइल पक्की करण्याआधी तीच नऊ वेळा, तीन बाय तीन मांडून बघा. एखादा ठळक दगड असेल तर तो रांगेत उभा राहून ओरडायला लागतो. तो काढून वेगळ्या टाइलवर न्या, क्वचित वापरा.

रंगपेटीत २५६ रंग, पण त्यातले काही सशाचे आणि शत्रूंचे. त्यांना हात लावलात की ससा हिरवा राहत नाही. रंगांचं बाकी चहाला बोलू. माझ्या लॅपटॉपवर किल्ला उघडा ठेवलाय, दिंडीतून ससा नेऊन बघा.