चंद्राची दोन खळी

ही पायरी बघा. सांगलीत कृष्णेचा घाट, पहाटेचं संथ पाणी, आणि पाण्यातली ती पायरी अगदी हाताशी असल्यासारखी वाटते, पाय टाकला की मात्र तो अंदाजापेक्षा खाली जातो न् तोल सुटतो. चार फुटांवरचा तळ सरळ वरून बघितला तरी तीनच फुटांवर वाटतो. प्रकाश हवेत सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर पळतो, पाण्यात सव्वादोन लाखांवर येतो, आणि तिरका बाहेर पडताना वेग बदलला की त्याची वाट मोडते. हे अपवर्तन. वडिलांच्या वेळच्या पुस्तकात यालाच वक्रीभवन म्हणायचे.

दुसरं असतं विवर्तन, म्हणजे कडेवरून जाताना प्रकाशाचं पसरणं. त्याला वेग बदलायला लागत नाही. दोन बोटं जवळजवळ चिकटवा, डोळ्यापुढं धरा आणि फटीतून ट्यूबलाईटकडं बघा. फटीत केसासारख्या काळ्या रेघा दिसतील. प्रकाश म्हणजे लाट, आणि लाट बारीक फटीतून गेली किंवा कशाच्या कडेवरून गेली की पसरते, फट जितकी बारीक तितकी जास्त. बोलोन्याच्या ग्रिमाल्दी नावाच्या पाद्र्यानं हे टिपलं, नावही त्यानंच दिलं, पुस्तक मात्र तो गेल्यावर 1665 ला छापून आलं.

शाळेत दोन्हीकडं 'प्रकाश वाकतो' एवढंच पाठ केलेलं, त्यामुळं घोळ व्हायचाच. मला फरक कळला तो चंद्राच्या खळ्यामुळं, म्हणजे त्याच्याभोवती दिसणाऱ्या उजेडाच्या कड्यामुळं.

खळी दोन जातीची असतात. एक मोठं, हात लांब करून अंगठा चंद्रावर ठेवा आणि वीत ताणा, करंगळी जिथं पोचते साधारण तिथं त्याची कड, म्हणजे 22 अंश. उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे सहा बाजूंचे बारीक खडे असतात, प्रकाश एका बाजूनं आत शिरतो, दुसरीनं बाहेर पडतो, दोन्ही वेळा वाट मोडते. हे अपवर्तनाचं खळं. तांबडा रंग सगळ्यात कमी वळतो म्हणून तो आतल्या कडेला.

दुसरं खळं चंद्राला चिकटून, दोन-चार बोटांचंच. ते पाण्याच्या थेंबांचं, आणि थेंब इतके बारीक की प्रकाश त्यांच्या कडेनं पसरतो. हे विवर्तनाचं. इथं तांबडा सगळ्यात जास्त पसरतो कारण त्याची लाट लांब, म्हणून तो बाहेरच्या कडेला! रंगांचा क्रमच उलटा झाला की हो. आणि थेंब जितके बारीक तितकं हे खळं मोठं, म्हणजे नुसतं खळं बघून ढगातल्या थेंबाचा अंदाज येतो, मला तर हे फार भारी वाटतं.

आता वर बघा, आयर्विन पुलाकडं. 1929 चा हा पूल, थंडीतलं धुकं नदीवरनं वर चढतंय आणि दिव्याभोवती एक छोटंसं कडं धरलंय. कडेला बघा, बाहेरच्या. तांबूस आहे. इथं वीत लावायची गरजच नाही.