इंजेक्शन चोरलं, आता शिक्षा की उपचार?

नमस्कार मंडळी. मी वकील आहे, सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करते. गेल्या पावसात एक आई पहिल्या एसटीने माझ्याकडे आली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पिशवीत एफआयआरची कॉपी, आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, माझो झील चोर नाय ओ, तेका त्या इंजेक्शनाची सवय लागली."

मुलगा एका खाजगी हॉस्पिटलात ओटी टेक्निशियन होता. मॉर्फिन म्हणजे जबर वेदनेवरचं, पण सवय लावणारं औषध. त्याच्या अँप्यूलचा, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या छोट्या कुप्यांचा, हिशोब जुळेना म्हणून इन्चार्ज सिस्टरने रजिस्टर तपासलं, तर पेशंटला दिलं म्हणून लिहिलेलं आणि पेशंट वेदनेने कण्हत पडलेला. ही गोष्ट मी लपवणार नाही, त्या पेशंटचं दुखणं खरं होतं आणि त्या पोराला मीही तेच सांगितलं. पण तो आजारी होता हेसुद्धा तितकंच खरं आहे, आणि आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्सच्या गैरवापरातून आलेली मानसिक अवस्था आजारातच धरतो.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण इथेच लोक फसतात. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा, एनडीपीएस म्हणतात तो. त्यात कलम 64-अ आहे. व्यसन जडलेल्या माणसावर नशा केल्याची किंवा अल्प प्रमाणातल्या मालाची केस असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, पूर्ण उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडून पळाला तर मात्र ही सूट काढून घेता येते, हे नीट ऐका. अल्प म्हणजे मॉर्फिनसाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी, आणि सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय की वजन फक्त शुद्ध औषधाचं नाही, अख्ख्या मिश्रणाचं धरायचं, म्हणजे अँप्यूलमधलं पाणीही मोजलं जाऊ शकतं. दोन-चार अँप्यूल आणि डबाभर अँप्यूल यात म्हणून फार फरक पडतो. आणि विकायला चोरली असतील तर ही दया मागायची नाही.

खटला चाललाच आणि दोषी ठरला तरी याच गुन्ह्यांसाठी कलम 39 आहे. त्यात कोर्ट त्याच्या संमतीने, बाँड म्हणजे लेखी हमी घेऊन, शिक्षा न सुनावता उपचाराला सोडू शकतं, आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट कोर्टात द्यायचा असतो.

पण हे सगळं नशेच्या गुन्ह्यासाठी. चोरी वेगळी! नोकराने मालकाच्या ताब्यातला माल चोरला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 306, सात वर्षांपर्यंत कैद, आणि रजिस्टरात खोटी एन्ट्री केली असेल तर त्याची कलमं आणखी वेगळी लागतात. 64-अ तिथे पोचत नाही. त्या आईला हे सांगताना मला फार जड गेलं, कारण कोणीतरी तिला सांगितलं होतं की व्यसनमुक्तीत भरती करा, केस संपली.

चोरीसाठी आधार आहे तो 1958 च्या प्रोबेशनच्या, म्हणजे दोषी माणसाला तुरुंगाऐवजी सुधारायची संधी देणाऱ्या, कायद्याचा. आधी कधी शिक्षा झाली नसेल तर समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर कोर्ट सोडू शकतं, आणि तिथे कोर्ट माणसाचं वागणं, परिस्थिती, प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट बघतं. उपचाराचे कागद इथेच कामाला येतात. दोषी ठरल्याचा शिक्का मात्र राहतो, आणि त्या सुटकेने नोकरी आपोआप परत मिळत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोर्ट पात्र माणसाची केस थांबवून उपचाराला पाठवतं आणि नीट पार पडलं तर केसच रद्द होते, दोषी ठरल्याची नोंदच नाही. मला वाटतं पहिल्यांदा सापडलेल्या नर्सला, ब्रदरला, फार्मासिस्टला अशी वाट आपल्याकडे चोरीच्या कलमातही हवी, कारण हातात रोज चावी असलेल्या माणसाला ही सवय लागणं काही अशक्य नाही.

तोपर्यंत घरच्यांनी एक करा, लाजेपोटी थांबू नका. देवाला गाऱ्हाणं घाला, पण सोबत डॉक्टरही गाठा, अंगाऱ्याची पावती कोर्टात चालत नाही. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446, मानसिक त्रासासाठी टेली मानस 14416. केसपेपर, तपासण्या, डिस्चार्ज कार्ड, एकही कागद टाकू नका. आणि हॉस्पिटल चालवणाऱ्यांनो, साठा मोजताना फरक सापडला तर तक्रार करा, तो तुमचा हक्क आहे, पण त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, अंगातली नशा उतरताना कोठडीत पोराचे फार हाल होतात.

तो मुलगा आता उपचार पुरे करून आलाय. पुढच्या महिन्यात तारीख आहे. आईने सगळे रिपोर्ट दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवलेत, पहिल्या एसटीने येणार आहे.