आधी नाव ठरवा, मग सेवा जोडा

अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं, की जीवशास्त्रातल्या माहितीचे साठे आणि वेब सेवा एकमेकांशी कशा जोडायच्या, यावर मी बोलणार आहे. बोलणारच आहे. पण जोडण्याची गोष्ट निघते तेव्हा सगळे तारांबद्दल बोलतात, नावांबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून मी नावापासून सुरुवात करतो.

सिकलसेल हा आजार गडचिरोली, नंदुरबारकडच्या मंडळींना समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या मुळाशी जनुक एकच: बीटा ग्लोबिन, लघुनाम एचबीबी, अकराव्या गुणसूत्रावर. आता या एका जनुकाचे पत्ते ऐका. जनुकांना नावं देणाऱ्या एचजीएनसी समितीकडे त्याचा क्रमांक ४८२७. अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राकडे ३०४३. एन्सेम्बल या जनुकांच्या साठ्यात ईएनएसजी आणि पुढे ००००० २४४७३४. त्यापासून बनणारं प्रथिन युनिप्रॉट या प्रथिनांच्या साठ्यात पी६८८७१. आनुवंशिक आजारांच्या ओमिम कोशात १४१९००. घरी बाळू, शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण आणि रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी, असं असलं तरी शेजारीपाजारी सांभाळून घेतात. संगणक सांभाळून घेत नाही. कोणता क्रमांक कोणत्या क्रमांकाचा जोडीदार, हे कुणीतरी एकदा बसून, तपासून लिहून ठेवावं लागतं.

नाव जुळलं तरी भागत नाही. १९५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवलं, की सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिन प्रथिनाच्या साखळीतल्या ग्लुटामिक आम्ल या एका अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. पाठ्यपुस्तकांत ती जागा सहावी. जनुकांतले बदल लिहिण्याच्या आजच्या एचजीव्हीएस पद्धतीत तीच जागा सातवी. चूक कुणाचीच नाही. पेशी प्रथिन बनवायला घेते ती मेथिओनिन या अमिनो आम्लापासून, आणि ते मेथिओनिन नंतर छाटलं जातं. जुन्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती रक्तातलं तयार प्रथिन होतं, त्यांनी त्यातल्या पहिल्या घटकापासून मोजलं. नवी पद्धत जनुकावरून मोजते, म्हणून मेथिओनिन धरते.

इथे जरा थांबू या, कारण खरी गंमत पुढे आहे. जुन्या मोजणीत सहावं ग्लुटामिक आम्ल आणि त्याला खेटून सातवंही ग्लुटामिक आम्लच. म्हणजे नव्या पद्धतीतला ‘७’ एखाद्या प्रोग्रॅमनं जुन्या पद्धतीच्या साठ्यात शोधला, तर तिथे ग्लुटामिक आम्ल सापडतं, तपासणी पास होते आणि प्रोग्रॅम चुकीच्या जागेवर बोट ठेवून पुढे जातो. उलट दिशेनं गेलात तर सहाव्या जागी प्रोलिन हे वेगळंच अमिनो आम्ल लागतं आणि चूक लगेच पकडली जाते. एका दिशेला ओरडणारी चूक, दुसऱ्या दिशेला मुकी. मला मुक्या चुकांची भीती जास्त वाटते.

मुक्या चुकांचा विषय निघालाच आहे, तर एक्सेलबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. सभागृहात ज्यांनी जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडली आहे, त्यांनी हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. सेप्टिन नावाच्या प्रथिनांची जनुकं पूर्वी सेप्ट१, सेप्ट२ अशा लघुनामांनी ओळखली जायची. एक्सेलमध्ये सेप्ट२ टाका, की त्याची झाली २ सप्टेंबर. मार्च१ नावाचं जनुक होतं, त्याची झाली १ मार्च. पडद्यावर निदान तारीख दिसते, पण आत साठवला जातो निव्वळ एक दिवसक्रमांक. फाइल पुढे मजकूर म्हणून वाचली, की हातात पाच आकडी संख्या उरते आणि जनुक गायब. जपानच्या रिकेन संस्थेचे काही ओळखक्रमांक आकडे, मध्ये ई हे अक्षर आणि पुन्हा आकडे असे होते. एक्सेलला ती प्रचंड मोठी संख्या वाटली. हे दुखणं २००४ सालीच छापून आलं होतं. सगळ्यांनी वाचलं, हळहळले, पुढे गेले.

२०१६ साली काही संशोधकांनी शोधनिबंधांना जोडलेल्या एक्सेल फायली तपासल्या. ज्यांत जनुकांच्या याद्या होत्या, अशा निबंधांपैकी जवळजवळ एक पंचमांश निबंधांत ही चूक होती. २०२१ साली जास्त निबंध घेऊन पुन्हा पाहिलं, तर प्रमाण सुमारे ३१ टक्के. लेखक, परीक्षक, संपादक एवढ्या सगळ्यांच्या नजरेखालून सप्टेंबर महिना जनुक म्हणून छापला गेला! शेवटी झालं काय? एचजीएनसीनं जनुकांचीच नावं बदलली. सेप्ट१ झालं सेप्टिन१, मार्च१ झालं मार्चएफ१. २०२० साली नाव देण्याच्या नव्या नियमांत हे अधिकृतपणे आलं. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ साली.

काही जण याला हार म्हणतात, मी म्हणत नाही. नाव बदललं, पण एचजीएनसीचा क्रमांक बदलला नाही. ज्यांनी आपल्या तक्त्यात नावाशेजारी क्रमांकाचा रकाना ठेवला होता, त्यांचं काहीच बिघडलं नाही. मला आज सांगायचं आहे ते एवढंच.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. वेब सेवांकडे वळतो.

२००० नंतरच्या दशकात सगळ्यांना वाटलं, की प्रत्येक साठ्यानं आपली सेवा उघडी करावी, प्रोग्रॅमनं प्रोग्रॅमला विचारावं, म्हणजे झालं. जीवशास्त्रातल्या सेवा जोडणारी बायोमोबी आली, सोप या निरोप पाठवण्याच्या पद्धतीच्या सेवा आल्या, टॅव्हर्नासारखी त्या सेवा ओवणारी साधनं आली. फेब्रुवारी २००८ मध्ये टोकियोत जपानच्या डीबीसीएलएस या माहितीसाठ्यांच्या केंद्रानं पहिली बायोहॅकॅथॉन भरवली. बायोपर्ल, बायोपायथन, बायोरूबी, बायोजावा ही प्रोग्रॅमिंगची साधनं लिहिणारे आणि साठे सांभाळणारे एका खोलीत बसून कोड लिहू लागले. तिथे दिसलं, की तारा जोडल्या तरी एकाचं उत्तर दुसऱ्याला वाचता येत नाही. २०१० पर्यंत त्यांचा रोख आरडीएफ या माहिती लिहिण्याच्या पद्धतीकडे वळला होता. आरडीएफमध्ये प्रत्येक गोष्टीला कायमचा वेब पत्ता असतो आणि विधानं तीन तुकड्यांची: पी६८८७१, याचं जनुक, एचजीएनसी ४८२७. स्पार्कल या साठ्यांना प्रश्न विचारण्याच्या भाषेत एकच प्रश्न दोन देशांतल्या दोन साठ्यांना मिळून विचारता येतो, पण दोघांनी पत्ता तोच वापरला असेल तरच.

सेवा जातात, बरं का. जपानच्या केग या साठ्याची सोप सेवा २०१२ अखेर थांबली, एनसीबीआयची २०१५ मध्ये. आम्ही रोज वापरायचो अशी एक सेवा तर ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पीएचडी झाल्यावर बंदच पडली. टिकतो तो क्रमांक, आणि तोही कुणी टिकवला तर. पी६८८७१ चंच बघा. माणूस, चिंपांझी आणि बोनोबो यांचं बीटा ग्लोबिन तंतोतंत सारखं, म्हणून पूर्वी तिघांची मिळून एकच नोंद होती, पी०२०२३. नंतर तिचे तीन भाग केले. जुना क्रमांक पुसला नाही, तो तिन्ही नोंदींत दुय्यम क्रमांक म्हणून आजही आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदावरून आजच्या नोंदीपर्यंत पोचता येतं. हे काम पगारी माणसं करतात. १९९६ साली युनिप्रॉटच्या मुळाशी असलेल्या स्विस-प्रॉट या साठ्याचा पैसा संपत आला होता, जगभरच्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला, आणि त्यातून १९९८ मध्ये स्विस जैवमाहिती संस्था उभी राहिली. माहिती सापडावी आणि पुन्हा वापरता यावी यासाठीची २०१६ ची फेअर तत्त्वं आपण भाषणांत घेतो. त्यांतलं पहिलंच कलम जगात एकमेव आणि कायम टिकणाऱ्या ओळखक्रमांकाचं आहे. ते वाचून लोक थेट सर्व्हर विकत घ्यायला जातात.

आता आपल्या दारातलं. फरिदाबादला २०२२ पासून भारतीय जैविक माहिती केंद्र आहे, तिथे आपले जनुकक्रम जमा करता येतात. आणि २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. तपासणी कोणत्या पद्धतीनं झाली, निदान वाहक की रुग्ण, आणि जनुकचाचणी झाली असेल तर बदल कोणता, हे प्रत्येक जिल्ह्यानं आपल्या शब्दांत लिहिलं तर ते पुन्हा जोडता येणार नाही. निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीतला डी५७ चा गट आहे, त्यात वाहकाला वेगळा संकेत आहे. सिकलसेलच्या जनुकबदलाला आरएस३३४ हा क्रमांक आहे आणि त्यात सहा की सात हा वाद उरत नाही. सभागृहात आरोग्य विभागाची आणि प्रयोगशाळांची माणसं बसली आहेत. नोंदीच्या तक्त्यात हे दोन रकाने आहेत का, ते उद्या उघडून बघा, आणि नसतील तर मला कळवा. मी स्वतः बसून तक्ता दुरुस्त करून देईन. आता प्रश्न घेतो.