पणजोबांचा फोटो कुणाकडे बघतो?

नमस्कार श्रोतेहो.

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी माजघराच्या भिंतीवर पणजोबांचा फोटो होता. डोक्याला पगडी, भरघोस मिशा आणि समोर रोखलेले डोळे. मी जिन्यावरून वाकून बघितलं, तरी ते माझ्याकडेच बघत असायचे. धाकटी बहीण पलीकडच्या कोपऱ्यातून ओरडायची, "नाही, माझ्याकडे बघतायत!" यावरून आमची भांडणं व्हायची. दोघांचंही खरं होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

फोटो काढताना पणजोबांनी कॅमेऱ्याच्या भिंगात पाहिलं. नाक समोर, आणि बुबुळाच्या दोन्ही अंगांना पांढरं सारखंच. ते प्रमाण कागदावर कायमचं उमटलं. तुम्ही खोलीत कुठेही उभे राहा, चेहरा जरा चपटा दिसेल, पण ते प्रमाण मोडत नाही. म्हणून नजर तुमच्यावरच राहते.

मूर्तीचं तसं नसतं. आपण बाजूला सरकलो की एका अंगाचं पांढरं वाढतं, नाकाची कड दिसू लागते, आणि नजर आपल्यावरून निसटते. रामकुंडाजवळचा आपला दुतोंड्या मारुती घ्या. पावसाळ्यात गोदावरीचा पूर कुठवर चढला ते आपण त्याच्याच अंगावर मोजतो. दगडाच्या मूर्तीला दोन दिशांना बघायचं तर दोन तोंडं लागतात. कॅलेंडरवरच्या देवाला एक तोंड घरभर पुरतं.

या सगळ्यात डोळ्यातल्या पांढऱ्याला फार मोल आहे. कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ साली माणसाचे डोळे माकडं आणि वानरांच्या डोळ्यांशी ताडून पाहिले. त्यांच्यात बुबुळाभोवतीचा भाग बहुधा गडद असतो. आपला पांढराशुभ्र आणि चांगला उघडा. म्हणून तर पंगतीत आईनं नुसतं वाढप्याकडे पाहिलं तरी आपल्याला कळतं, तिला काय सांगायचंय. आणि हे आपण पाळण्यातच सुरू करतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते पाच दिवसांच्या बाळांना दोन चेहरे दाखवले होते, एक समोर बघणारा, एक नजर वळवलेला. बाळं समोर बघणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. मला या विषयातली ही सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

पण नजर एकट्या डोळ्यांत नसते. विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८२४ साली चित्रांवरून हे दाखवलं. डोळे तेच ठेवले, खालचं नाक आणि तोंड मात्र दुसऱ्या दिशेला वळवलं, तर तेच डोळे वेगळीकडे बघतायत असं वाटतं! आपण डोळे आणि चेहरा एकत्रच वाचतो. गणपतीचे डोळे आखणारे कारागीर हे हातानं जाणतात. रंगकाम उरकल्यावर सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी, आणि तेव्हा मान किती कललीय याचा अंदाज धरूनच बुबुळ बसवायचं. केसभर चुकलं की बाप्पा भलतीकडेच बघू लागतो.

आणखी एक गोष्ट, खास तरुण श्रोत्यांसाठी. लग्नाला उशिरा पोहोचलात, मंगल कार्यालयात शिरलात, की सगळं सभागृह आपल्याकडेच वळून बघतंय असं वाटतं ना? २०१३ सालच्या एका संशोधनात असं दिसलं, की समोरच्याची नजर नीट दिसत नसेल तेव्हा आपला मेंदू ती आपल्यावरच आहे असं धरून चालतो. लांबून, अंधुक उजेडात डोळे स्पष्ट दिसत नाहीत, आणि ती रिकामी जागा मेंदू "माझ्याकडे" या शब्दानं भरतो. त्या घोळक्यातले बरेचसे अक्षतांचं ताट कुठवर आलं तेच बघत असतात.

येत्या गणेशोत्सवात मूर्ती आणायला जाल तेव्हा गाळ्यात घाई करू नका. आधी मूर्तीसमोर उभे राहा, मग दोन पावलं डावीकडे सरका, दोन उजवीकडे. मुलांनाही सरकायला सांगा. नजर जिथे भेटते ती जागा लक्षात ठेवा, आणि घरी आरास करताना पाट असा मांडा, की आरतीला तिथे आजी उभी राहील.